सहाव्या दिवशी सोडलेली गोळी

सुरतेत लिंबायतच्या एका ओळखीच्या घरी, देव्हाऱ्यामागे दडवलेली एस्सिटॅलोप्रॅमची पट्टी पाहिली. दहांपैकी सहा गोळ्या घेतलेल्या, चार तशाच. धनी उधन्यात लूमवर बारा तासांची पाळी करतो. छातीत धडधड, झोप नाही, कशात मन नाही. "मळमळ झाली, फरक काही नाही, आणि ह्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात," वहिनी म्हणाल्या. जळगाव-धुळ्याहून येऊन इथे स्थिरावलेल्या आपल्या कितीतरी घरांत हेच ऐकू येतं.

मुळात ही झोपेची गोळी नव्हे, नैराश्य आणि चिंतेवरचं औषध आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही औषधं ते परत ओढणं रोखतात. हे काही तासांतच सुरू होतं, पण मन हलकं व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, कारण मेंदू बहुधा या बदलाशी हळूहळू जुळवून घेतो. त्रास मात्र आधी येतो. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा अनेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांत जाणवतो आणि मग ओसरतो. म्हणजे वहिनींच्या घरी गोळी नेमकी चुकीच्या वेळी सुटली. लैंगिक इच्छा कमी होणं मात्र टिकू शकतं. ते संकोच न करता डॉक्टरांना सांगावं, औषध बदलता येतं.

"सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं" हेही अर्धवटच. आजाराचं कारण इतकं सरळ नाही. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देताना त्यांची उमेद वाढलेली दिसली, तिथून नैराश्यावरच्या औषधांचा शोध सुरू झाला. उपयोग आधी कळला, कारणं अजून शोधली जात आहेत.

सवयीचं काय? एस्सिटॅलोप्रॅमसारख्या औषधांची दारूसारखी तलफ येत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोप आणणाऱ्या गोळ्यांची सवय मात्र खरोखर लागू शकते, आणि दोन्ही प्रकारच्या गोळ्या लोक एकच समजतात. पण एस्सिटॅलोप्रॅमसारखी औषधंही एकदम थांबवली तर चक्कर येऊ शकते, चिडचिड होऊ शकते, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटू शकतं. म्हणून बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायची.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवावं. आत्महत्येचे विचार वाढू शकतात. आधी कधी झोपेशिवाय अति उत्साहाचे दिवस आले असतील तर तेही सांगावं, कारण बायपोलर आजारात ही गोळी एकटी दिली तर उलटू शकते.

तुमच्या घरातही अशी अर्धी पट्टी पडली असेल तर ती लपवू नका, तीच घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. मन बोलायला तयार असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.