ज्वारीवरील लहान माशीची ओळख : नवी जाती कशी ठरते

अहमदपूर तालुक्यात बालाघाटच्या पठारावर रब्बी ज्वारी उगवून दोन-तीन आठवडे झाले की काही रोपांचा मधला पोंगा पिवळा पडून सुकू लागतो. भोवतालची पाने हिरवी असतात; परंतु पोंगा बोटांत धरून ओढला की तो अलगद हाती येतो आणि त्याच्या बुडाशी कुजका वास येतो. हीच पोंगेमर होय. ती घडवून आणणारी माशी घरमाशीहूनही लहान, सुमारे ५ मिलिमीटर लांबीची असते.

तालुक्याच्या खरिपात आज सोयाबीन व तूर यांचा वाटा मोठा आहे. तथापि भाकरी आणि कडबा या दोहोंसाठी रब्बी ज्वारीवाचून शेतकऱ्याचे चालत नाही. अशा पिकावर राखी रंगाची लहानशी माशी दिसली की, 'ही नेहमीचीच खोडमाशी, की नवीनच काही आले?' असा प्रश्न सहज उभा राहतो. त्याचे उत्तर नुसत्या नजरेने देता येत नाही. ते कसे मिळते, हे समजून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. कारण किडीचे नाव चुकले की उपायही चुकतो.

एकसारख्या दिसणाऱ्या अनेक माश्या

ज्वारीच्या खोडमाशीचे शास्त्रीय नाव 'ॲथेरिगोना सोकाटा' असे आहे. 'ॲथेरिगोना' हे वंशाचे नाव व 'सोकाटा' हे जातीचे नाव होय. या एकाच वंशात अनेक जाती आहेत. बाजरीवर 'ॲथेरिगोना ॲप्रॉक्सिमाटा' ही दुसरी जाती आढळते आणि इतर बारीक तृणधान्यांवर आणखी निराळ्या जाती उपजीविका करतात. या सर्वांचे रूप साधारणतः सारखेच असते : डोके व छाती राखी, उदर पिवळसर आणि त्यावर गडद ठिपक्यांच्या जोड्या.

माद्यांवरून या जाती ओळखणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. खरी खूण नराच्या उदराच्या टोकाशी असते. तेथे तीन पाळ्यांचा एक सूक्ष्म अवयव असतो व त्याचा आकार प्रत्येक जातीत वेगळा असतो. तो सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतो. ए. सी. पाँट या कीटकशास्त्रज्ञांनी १९७२ साली आशियातील पिकांवरील ॲथेरिगोना माश्यांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात या अवयवाला मोठे महत्त्व आहे.

माशांच्या भुकटीचा सापळा लावला तर या वंशाच्या अनेक जाती त्यात एकत्र सापडतात, आणि त्यांत बहुसंख्य माद्या असतात. म्हणून सापळ्यात आलेली प्रत्येक माशी ज्वारीची वैरी आहे असे मानू नये. रोगट रोपातून जी माशी प्रत्यक्ष बाहेर पडते, तिचाच पुरावा ग्राह्य होय.

एका माशीची दोन नावे

'सोकाटा' या जातीचे वर्णन इटलीतील कामिल्लो रोंदानी यांनी १८७१ साली केले. भारतात मात्र ज्वारीवरील खोडमाशीचा अभ्यास पुष्कळ काळ 'ॲथेरिगोना इंडिका' या नावाखाली होत राहिला. १९५१ साली पोन्नैया यांनी मद्रासकडे, ज्वारीचे कोणते वाण या माशीला दाद देत नाहीत याविषयी महत्त्वाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. तीही 'इंडिका' याच नावाने. पुढील लेखनात 'व्हेरिया सोकाटा' असेही नाव येते व अखेर 'सोकाटा' हे नाव स्थिरावले.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे ज्वारीचे संकरित वाण प्रसारित झाले. अशा नव्या वाणांबरोबर खोडमाशीचा प्रश्न अधिक तीव्र झाला आणि प्रतिकारक वाणांचा शोध निकडीचा ठरला. अशा वेळी एका नावाखाली साठलेले ज्ञान दुसऱ्या नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. सातबाऱ्यावर नाव चुकीचे पडले तर जमीन जागेवरच राहते, पण तिचा हक्क सिद्ध करताना दमछाक होते. तसाच हा प्रकार आहे.

नवी जाती कशी जाहीर होते

आजवर वर्णन न झालेली माशी हाती लागली असे वाटले, तरी तेवढ्याने ती 'नवी जाती' होत नाही. प्रथम तिची तुलना त्या वंशातील सर्व ज्ञात जातींशी करावी लागते. त्यासाठी जुनी वर्णने वाचून संग्रहालयांतील मूळ नमुने पाहावे लागतात. भेद नक्की ठरल्यावर नर व मादी यांचे सविस्तर वर्णन, मापे व आकृत्या तयार करतात. आजकाल त्याला आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीचीही जोड देण्यात येते.

त्यानंतर एक नमुना त्या जातीचा 'प्ररूप' म्हणून निवडतात आणि तो सर्वांना पाहता येईल अशा संग्रहालयात ठेवतात. पुढे शंका आली की हाच नमुना साक्षीला उभा राहतो. शेवटी वंश व जाती असे दोन शब्दांचे नाव देऊन वर्णन रीतसर प्रसिद्ध केले जाते. प्राण्यांच्या अशा नामकरणाचा आरंभ लिनियस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मानतात. एकाच जातीला दोघांनी नावे दिली असतील, तर सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरले जाते.

गादमाशीचा धडा

नवी जाती म्हणजे नव्याने जन्मलेली किंवा परमुलखातून आलेली माशी, असे नव्हे. पूर्व विदर्भातील भात उत्पादकांना गादमाशी चांगली परिचयाची आहे. या डासासारख्या नाजूक माशीचे वर्णन कलकत्त्याच्या संग्रहालयातील वुड-मेसन यांनी १८८९ साली केले. आफ्रिकेतील भातावरही अशीच माशी होती व दोन्ही एकच आहेत असा दीर्घकाळ समज होता. १९८२ साली हॅरिस व गान्ये या शास्त्रज्ञांनी बारकाईने तुलना करून आफ्रिकेतील माशी ही वेगळी जाती असल्याचे दाखविले व तिला 'ऑर्सिओलिया ओरायझिव्होरा' हे नाव दिले.

आशियातील माशीला दाद न देणारे भाताचे बरेच वाण आफ्रिकेत का टिकत नाहीत, याचा उलगडा या भेदामुळे होण्यास मदत झाली. माशी तेथे पूर्वीपासूनच होती. नवी होती ती तिची ओळख.

गावात कोणते काम करता येईल

सूक्ष्मदर्शक व ग्रंथालय गावात नसले, तरी या कामाची पहिली पायरी शेतातच आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी पुढीलप्रमाणे नमुने गोळा करावेत.

१) पोंगेमर झालेली दहा-पंधरा ताजी रोपे मुळांसह उपटावीत. पोंगा सहज निघत असेल व बुडाशी कुज असेल, तर खोडमाशीचा संशय घ्यावा. पानांवर आडव्या ओळीत छिद्रे असतील, तर खोडकिडा आहे काय ते पाहावे.

२) रुंद तोंडाच्या बरणीत बोटभर ओलसर वाळू घालून त्यात रोपांचे बुडखे ठेवावेत व तोंडाला पातळ कापड बांधावे. बरणी सावलीत असावी. वाळूत पाणी साचू देऊ नये.

३) अळ्या कोषात जाऊन साधारणतः एक ते दोन आठवड्यांत माश्या बाहेर पडू लागतात. त्यांना लगेच मारू नये. एक दिवस जाऊ द्यावा, म्हणजे त्यांचा रंग व अंग पक्के होते.

४) माश्यांबरोबर बारीक, कृश कमरेचे कीटक निघाले तर ते फेकू नयेत. ते बहुधा अळीवर जगणारे परोपजीवी, म्हणजे शेतकऱ्याचे मित्र असतात. त्यांची वेगळी कुपी करावी.

५) प्रत्येक कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी. तीत गाव, तालुका, तारीख, पीक, वाण, रोपाचे वय व गोळा करणाऱ्याचे नाव असावे. चिठ्ठीवाचून नमुना निरुपयोगी होय.

असे नमुने कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांमार्फत परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांकडे पाठवावेत.

नाव ठरेपर्यंत पीक कसे राखावे

ओळख पटेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. खोडमाशीची मादी पानाच्या खालच्या बाजूस, शिरेला समांतर, विडीच्या आकाराची पांढरी अंडी एकेक करून घालते. एक-दोन दिवसांत अळी निघते व पोंग्यात उतरून वाढीचा कोंब कुरतडते. अळी उतरते ती पहाटेच्या ओलाव्याचा आधार घेऊन. एकदा ती आत शिरली की बाहेरून केलेल्या फवारणीचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून पोंगे सुकलेले पाहून घाईने औषध मारणे म्हणजे वरातीमागून घोडे होय.

खरीप ज्वारी पाऊस सुरू होताच, लांबण न लावता पेरावी. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापूर्वी पेरण्याची घाई करू नये. बियाणे थोडे अधिक वापरून विरळणी करताना पोंगेमर झालेली रोपे उपटून नष्ट करावीत. बीजप्रक्रियेसाठी कृषी विद्यापीठाची चालू शिफारस पाहावी. चकचकीत पानांच्या वाणांवर या माशीचा उपद्रव कमी होतो, हेही वाण निवडताना ध्यानात ठेवावे.

अहमदपूरच्या एखाद्या शिवारातील बरणीतून निघालेली माशी बहुधा जुन्या ओळखीचीच ठरेल. तरीही ते श्रम वाया जात नाहीत. कोणती माशी, कोणत्या पिकावर, कोणत्या दिवशी होती याची पक्की नोंद त्या चिठ्ठीमुळे होते. आणि ती माशी खरोखरच निराळी असली, तर तिच्या वर्णनात चिठ्ठीवरील गावाचे नाव कायमचे राहील.