परदेशी साखर ते परदेशी तेल : नीरा डाव्या कालव्यावरचा स्वदेशीचा हिशेब

परदेशी मालावरचा बहिष्कार आणि परदेशी मालावरचे अवलंबित्व कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले ग्राहक एका दिवसात करू शकतो. दुसऱ्याला कारखाने, शेती, भाव, कायदा आणि कित्येक वर्षे लागतात. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत यांपैकी दुसऱ्या कामाचे दोन प्रयोग झाले आहेत. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे अंथुर्णे हे गाव भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि वालचंदनगर यांच्या मधल्या ऊसपट्ट्यात येते. परदेशी साखरेची जागा याच पट्ट्यातील उसाने घेतली. आता परदेशी खनिज तेलाची जागा काही अंशी याच उसाच्या इथेनॉलने घ्यावी, अशी अपेक्षा आहे. या दोन टप्प्यांत काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे क्रमाने पाहणे उपयोगाचे ठरेल.

बहिष्काराची मराठी परंपरा

महाराष्ट्रात स्वदेशीचा विचार बंगालच्या फाळणीच्या, म्हणजे वंगभंगाच्या, आधीचा आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मधील पत्रांतून देशी मालाचा पुरस्कार केला. १८७२ च्या सुमारास गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी पुण्यात स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादीच्या वेषात गेले. वंगभंगाच्या विरोधात ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत बहिष्काराची घोषणा झाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये पुण्यात विनायक दामोदर सावरकरांच्या पुढाकाराने परदेशी कापडाची होळी पेटली. टिळकांनी या चळवळीला संघटनेची जोड दिली. तळेगावला पैसा फंडाच्या वर्गणीतून काचेचा कारखाना निघाला, तो याच काळात.

या चळवळीत कापडाच्या जोडीने परदेशी साखरही होती. ती शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, हे कारण धार्मिक मनाला थेट भिडणारे होते. तरीही बहिष्कार ओसरला. मागणी वाढताच मुंबईच्या गिरण्यांनी धोतरांचे भाव चढवल्याच्या तक्रारी आल्या आणि देशी माल गरिबाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला. साखरेत तर पुरेसा देशी मालच नव्हता. गुळाचे उत्पादन मोठे होते, पण गिरणीतील पांढरी साखर जावा बेटावरून बोटींनी येत राहिली.

१९३० च्या सविनय कायदेभंगात बहिष्कार पुन्हा तीव्र झाला. त्याची सर्वांत मोठी किंमत पुणे जिल्ह्यातल्याच तरुणाने मोजली. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापड घेऊन निघालेल्या मालमोटारीसमोर आडवे झाले आणि तिच्याखाली चिरडून हुतात्मा झाले.

जावाच्या साखरेला पर्याय कसा उभा राहिला

साखरेचे अवलंबित्व अखेर १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने मोडले. आयात साखरेवर भारी जकात बसली आणि देशी कारखान्याला संरक्षण मिळाले. १९३०-३१ मध्ये देशात सुमारे ३० साखर कारखाने होते. १९३५-३६ पर्यंत त्यांची संख्या १३० च्या पुढे गेली. काही वर्षांतच जावाची साखर भारतीय बाजारातून जवळजवळ हद्दपार झाली.

या संरक्षणाचा फायदा घ्यायला नीरा खोरे तयार होते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा डावा कालवा काढला. त्यातून १८८५ च्या सुमारास सिंचन सुरू झाले. पुढे भाटघर धरणाचे पाणी त्याला मिळू लागले. पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून हा कालवा सुमारे दीडशे किलोमीटर वाहतो. अवर्षणप्रवण मुलखात जिरायत पिकांना आधार द्यावा, हा त्याचा मूळ हेतू होता. पैसा देणारे पीक म्हणून ऊस त्यावर झपाट्याने पसरला. वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळ शेतमळा आणि साखर कारखाना उभारला आणि १९३३-३४ च्या सुमारास वालचंदनगर आकाराला आले. तेथे पुढे साखर कारखान्यांची यंत्रेही बनू लागली, म्हणजे स्वदेशी मालामागोमाग स्वदेशी यंत्रही आले.

स्वातंत्र्यानंतर हा उद्योग शेतकऱ्यांच्या मालकीकडे वळला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. त्याच वाटेने भवानीनगरचा छत्रपती, शिवनगरचा माळेगाव आणि पुढे सोमेश्वरनगरचा सोमेश्वर हे सहकारी कारखाने नीरा खोऱ्यात उभे राहिले. ग्राहकाच्या शपथेने जे झाले नव्हते, ते जकात, कालवा, भांडवल आणि सहकार यांनी करून दाखवले.

तेलावर बहिष्कार का चालत नाही

कापडाचा तागा परदेशी की देशी, हे दुकानात कळत असे. पेट्रोलचे तसे नाही. इराक, रशिया, सौदी अरेबिया अशा अनेक देशांचे कच्चे तेल शुद्धीकरण कारखान्यात एकत्र होते आणि पंपावर येणाऱ्या थेंबाला मूळ देश उरत नाही. भारतातील बहुतेक पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांचे आहेत. त्यांच्याकडे पाठ फिरवली तर तोटा देशी कंपनीचा आणि पंपचालकाचा होतो. तेल विकणाऱ्या देशाला त्याची झळ लागत नाही.

एका देशाच्या तेलावरचा बहिष्कारही जागतिक बाजारात निसटतो. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपने रशियाचे तेल घेणे मोठ्या प्रमाणात थांबवले. ते तेल सवलतीच्या भावात आशियाकडे वळले. भारताच्या आयातीत युद्धापूर्वी दोन टक्क्यांच्या आसपास असलेला रशियाचा वाटा पुढच्या दोन वर्षांत एक तृतीयांशाच्या वर गेला. एकाने नाकारलेले पिंप दुसऱ्याने उचलले आणि एकूण वापर तसाच राहिला.

एक दिवस इंधन न घेण्याचेही हेच होते. पंतप्रधानांनी इंधन बचतीचे आवाहन केल्यानंतर २०१७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतील पंपचालकांच्या संघटनेने दर रविवारी पंप बंद ठेवण्याची तयारी दाखवली होती. पेट्रोलियम मंत्रालयाने ती कल्पना मान्य केली नाही. ज्याला सोमवारी कामावर जायचे आहे तो शनिवारी टाकी भरतो. प्रवास कमी झाला नाही, तर खरेदीचा फक्त वार बदलतो.

विक्रेत्यांचा बहिष्कार आणि मुंबई हाय

तेलाच्या इतिहासातील सर्वांत परिणामकारक नकार विक्रेत्यांनी दिला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिका आणि इस्राएलच्या इतर पाठीराख्यांचा पुरवठा रोखला. काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. भारत त्या बंदीचे लक्ष्य नव्हता, तरी वाढलेला भाव त्यालाही मोजावा लागला.

या धक्क्याच्या वेळी महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर उत्तर सापडत होते. ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकात देशाची गरज मोठ्या प्रमाणात देशी तेलातून भागू लागली. पण नवे मोठे साठे सापडले नाहीत, जुन्या विहिरींचे उत्पादन उतरले आणि वाहने वाढत गेली. आज भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो.

मळीपासून पेट्रोलपर्यंत

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना भारतात जुनी आहे. त्यासाठी १९४८ मध्ये पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता. स्वस्त तेलाच्या काळात तो निरुपयोगी ठरला आणि २००० मध्ये रद्द झाला. लगेच पुढच्या वर्षी मिरज आणि मनमाड येथे, तसेच उत्तर प्रदेशात, इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, पण २०१३-१४ मध्येही देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपासच होती.

अडचण भावाची होती. मळीला मद्य आणि रसायन उद्योगाकडून जास्त पैसे मिळत, तर तेल कंपन्यांचा दर अनिश्चित असे. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने इथेनॉलचा खरेदी दर ठरवून दिला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने साखर काढून शेवटी उरणाऱ्या सी-हेवी मळीबरोबर आधीच्या टप्प्यावरची, जास्त साखर असलेली बी-हेवी मळी, उसाचा रस आणि धान्य यांनाही वाट मोकळी केली. त्यानंतर प्रमाण भराभर वाढले. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले गेले आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोचले.

साखर कारखान्याच्या दृष्टीने यातला अर्थ सोपा आहे. साखर महिनोन्महिने गोदामात राहते आणि तिचा मासिक विक्री कोटा केंद्र सरकार ठरवते. उलट १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) १४ दिवसांत देणे बंधनकारक आहे. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात. माळेगाव आणि सोमेश्वर येथील डिस्टिलऱ्यांना म्हणूनच ऊस बिलाच्या गणितात महत्त्व आले.

एक टन उसापासून साधारण १०० किलो साखर होते. तिच्याबरोबर निघणाऱ्या सी-हेवी मळीतून १० ते ११ लिटर इथेनॉल मिळते. साखर न करता सगळा रस वापरला तर सुमारे ७० लिटर मिळते. किण्वन आणि ऊर्ध्वपातनानंतरच्या अल्कोहोलमधले उरलेले पाणी काढून त्याची शुद्धता ९९.५ टक्क्यांच्या वर नेली, की ते पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे होते. या तंत्रज्ञानासाठीही परदेशाकडे पाहावे लागत नाही. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने उभारलेले इथेनॉल प्रकल्प देशात आणि परदेशात चालतात, आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांना मार्गदर्शन करते.

वीस टक्क्यांचा खरा हिशेब

वीस टक्के मिश्रण म्हणजे तेलाची वीस टक्के बचत नव्हे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. ऊर्जेच्या हिशेबाने वीस टक्के इथेनॉल सुमारे तेरा टक्के पेट्रोलची जागा घेते. देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण पेट्रोलियम पदार्थांत पेट्रोलचा वाटा साधारण एक षष्ठांश आहे. दोन्ही आकडे गुणले तर एकूण वापरातली बचत दोन टक्क्यांच्या आसपास येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार जुन्या रचनेच्या चारचाकींची धाव वीस टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के घटू शकते. म्हणजे या बदलाचा काही भार वाहनमालकही उचलतो.

डिझेलचा वाटा पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. अंथुर्ण्याच्या रस्त्यावरून ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि ट्रक डिझेलवरच चालतात. डिझेलला पर्याय म्हणून २००३ च्या सुमारास मोगली एरंडाचा गाजावाजा झाला, पण उत्पन्न न मिळाल्याने तो प्रयोग मावळला. सौर कृषिपंप आणि साखर कारखान्यांत रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, म्हणजे प्रेसमडपासून, मिळणारा जैववायू या दोन वाटा आज अधिक भरवशाच्या आहेत, कारण त्यांना जादा ऊस लावावा लागत नाही.

पाण्याची आयात करता येत नाही

नीती आयोगाच्याच आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी धरले आहे. त्या हिशेबाने वीस टक्के मिश्रणाच्या एका लिटर इंधनातील २०० मिलिलिटर इथेनॉलमागे ५७० लिटरहून अधिक पाणी लागते. साखरेनंतर उरलेल्या सी-हेवी मळीचे इथेनॉल केले तर हा भार मुख्यतः साखरेवर पडतो. थेट रसापासून केले तर तो पूर्ण इथेनॉलवर येतो. म्हणून कच्चा माल कोणता, हा प्रश्न टक्केवारीइतकाच महत्त्वाचा आहे.

इंदापूर तालुका कालव्याच्या शेवटाकडचा आहे. वरच्या भागात आवर्तन लांबले की खालच्या शेतकऱ्याचा खोडवा वाळतो. जादा पाण्याचे दुष्परिणामही या खोऱ्याने लवकर पाहिले. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कालवा सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली असताना जमिनी खारवट होऊ लागल्या होत्या.

पावसावरचे हे अवलंबित्व राष्ट्रीय धोरणालाही जाणवले. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर साखर कमी पडण्याच्या भीतीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि आठवड्याभरात ती मर्यादित स्वरूपात शिथिल केली. कर्ज काढून डिस्टिलरीची क्षमता वाढवलेल्या कारखान्यांचे नियोजन त्यात कोलमडले. उसाची उणीव मक्याने भरून काढली. परिणामी एरवी मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये निव्वळ आयातदार झाला आणि कोंबडीखाद्य महागले. तेलाची आयात कमी करताना धान्याची आयात सुरू झाली, तर अवलंबित्वाने फक्त बंदर बदलले असे म्हणावे लागेल.

हिशेबाचा निष्कर्ष

साखरेच्या आणि इंधनाच्या दोन्ही अनुभवांतून एकच नियम दिसतो. बहिष्काराने जनमत तयार होते, ते टिकते मात्र परवडणाऱ्या पर्यायावर. पर्याय उभा राहतो तो स्थिर दर, खात्रीची खरेदी आणि दीर्घ मुदतीचे धोरण यांच्या बळावर. आणि तो ज्या जमिनीतून व पाण्यातून येतो, त्यांची झीज हिशेबात धरली नाही तर एक परावलंबन जाऊन दुसरे येते.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. इथेनॉल मुख्यतः मळीपासून व्हावे, त्यासाठी उसाखालचे क्षेत्र वाढवू नये, आहे तो ऊस ठिबकवर यावा आणि प्रेसमडचा वायू व शेतातले ऊन यांनी डिझेलची जागा घ्यावी. ग्राहकाच्या हाती उरते ते कमी इंधन जाळणे. एसटीचा प्रवास, एकत्र वाहतूक आणि विनाकारण न फिरवलेली गाडी यांतून वाचलेला प्रत्येक लिटर थेट आयात टाळतो आणि त्यासाठी कालव्याचे एक थेंबही पाणी लागत नाही. परदेशी तेलावरचा आजचा खरा बहिष्कार हाच आहे, आणि तो प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरू केला पाहिजे.