पाणी आलं की डासही येतात: शेततळं, चारी आणि ड्रम आठवड्यातून एकदा बघा



आज फवारणीचा सल्ला नाही, घरातल्या माणसांचा विषय आहे.

राजस्थानात थरच्या वाळवंटात ऐंशीच्या दशकात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जैसलमेरपर्यंत पोचलं. डास तिथं आधीही होते, घराघरातल्या जमिनीखालच्या टाक्यांत वाढायचे. पण कालव्याची गळती, चाऱ्यांच्या कडेची डबकी आणि ओलिताची शेतं आल्यावर ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस हा खेड्यात मलेरिया पसरवणारा डास जोरात वाढला. १९९४ ला पाऊसही भरपूर झाला आणि पश्चिम राजस्थानात मलेरियाची मोठी साथ आली.

म्हणून काय कालवा नको? तसं कोण म्हणेल! पाण्याने तिथं पीक उभं केलं. नडलं ते सांडलेलं, साचलेलं पाणी.

आपल्याकडेही तेच बघायचं. भरलेल्या शेततळ्याच्या मधोमध डासाची अळी फारशी टिकत नाही, तिथं लाटा असतात. ती वाढते काठाला, गवतात आणि शेवाळात. त्यामुळे काठ साफ ठेवा. तळ्यात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतात. मात्र ओढ्यात किंवा नदीत सोडू नका, तिथल्या मूळ माशांना त्रास होतो.

खरी गंमत लहान पाण्यात आहे. आवर्तन संपल्यावर चारीत राहिलेले खड्डे, ठिबकच्या फिल्टरचं बॅकवॉशचं पाणी, लॅटरल फ्लश केल्यावर शेवटाला झालेला चिखल, जनावरांच्या पाण्याच्या जागी खुरांनी पडलेले खळगे. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी मोडलं, बुजवलं किंवा वाहून काढलं तर पिढीच पुरी होत नाही.

डेंगीचा डास वेगळा. तो दिवसा चावतो आणि घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. टँकरचं पाणी भरून ठेवलेले ड्रम, रांजण, सिमेंटची टाकी, फवारणीच्या पाण्याचा २०० लिटरचा ड्रम, गोठ्यामागचे जुने टायर. पाणीटंचाईच्या गावात डेंगी का होतो याचं उत्तर इथं आहे. याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासायचं, वाळवायचं आणि घट्ट झाकायचं.

अळी ओळखायची? पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली दिसली तर मलेरियाच्या डासाची. डोकं खाली करून तिरकी लटकलेली असेल तर डेंगीच्या किंवा साध्या डासाची. पिण्याच्या किंवा जनावरांच्या पाण्यात शेतीचं कीटकनाशक अजिबात टाकू नका, हे वेगळं सांगायला नको, पण काही जण टाकतात.

ताप आला तर अंगावर काढू नका. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्या, मलेरियाची तपासणी तिथं मोफत होते. डेंगीची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयब्रुफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.