दुपारी दोनचा दरबार

मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूरकडे निघालेला रस्ता पुढे असीरगडाजवळून सातपुडा ओलांडून निमाडात उतरतो आणि इंदूरला जातो. आमच्या गावाचं एदलाबाद हे जुनं नाव या रस्त्याच्या नावात अजून टिकून आहे. निमाडात नर्मदेकाठी महेश्वर आहे. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या लेकीने, अहिल्याबाई होळकरांनी, १७६७ पासून १७९५ पर्यंत तिथून राज्य चालवलं. त्यांचे सासरे मल्हारराव आमच्या खानदेशात, तळोद्याला मामाकडे वाढलेले. बाईंचे घाट आणि देवळं सगळ्यांना पाठ असतात. मला मात्र त्यांचा रोजचा दिवस या सगळ्याहून मोठा वाटतो.

हा दिवस तासातासाने लिहून ठेवला तो जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने. महिदपूरच्या लढाईनंतर माळव्याचा कारभार त्याच्या हाती आला. भारमलदादा हा बाईंच्या मर्जीतला जुना सेवक तेव्हा हयात होता. त्याने सांगितलेलं माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात घातलं. होळकरांची माणसं होळकरांची थोरवी सांगणारच, म्हणून त्याने इतरांकडेही चौकशी केली. पण जितकं विचारावं तितका बाईंबद्दलचा आदर वाढतच गेला, असं त्याने लिहिलं आहे.

उजाडायला तासभर असताना बाई उठत. स्नान, पूजा, मग ठरलेला वेळ पोथीश्रवण. त्यानंतर दानधर्म आणि ब्राह्मणांना जेवण, तेही स्वतःच्या हाताने. हे आटोपल्यावरच स्वतःचं पान. धनगरांच्या घरात मांसाहाराला मज्जाव नाही, तरी बाईंनी तो सोडला होता. अंगावर बिनकाठाचं पांढरं लुगडं, दागिना म्हणून गळ्यात एक लहानशी माळ. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, तेव्हापासून रंगीत वस्त्र त्यांनी नेसलं नाही.

जेवणानंतर पुन्हा थोडी प्रार्थना आणि थोडा विसावा. उन्हाळ्यात याच भर दुपारी त्यांची माणसं वाटसरूंना पाणी देत असत. महेश्वरच्या आसपासच्या शेतात कोणी नांगर धरलेला असला, तर बाईंचा नोकर येऊन औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजून जाई. पाखरांना दाणा टिपता यावा म्हणून त्यांनी उभी शेतं विकत घेऊन ठेवली होती. वैशाखातला खानदेश-निमाड ज्याने सोसला आहे, त्याला त्या बैलांच्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही.

दोनच्या सुमारास बाई दरबारात येत आणि संध्याकाळी सहापर्यंत बसत. दरबार उघडा असे, पडदा नसे. त्याच शतकात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक भल्या पहाटे उठून कामाला लागे आणि युरोप त्याच्या शिस्तीचे गोडवे गाई. पण त्याचा कारभार मुख्यतः कागदांवर चाले. मंत्र्यांनी लिहून पाठवायचं, त्याने उत्तर सांगायचं. बाईंपुढे मात्र गाऱ्हाणं घेऊन माणूसच उभा राही, आणि ते त्या स्वतः ऐकत. मला हा फरक फार मोठा वाटतो. सारा बेताचा ठेवणं आणि गावचे हक्क, वतनं यांना धक्का न लावणं हे त्यांचं धोरण होतं. रोज रयतेचं ऐकून घेणाऱ्यालाच ते पाळता येतं.

खरगोणच्या सावकार घरातल्या विधवा आपली इस्टेट बाईंना द्यायला निघाल्या, तेव्हा बाईंनी ती घेतली नाही. लोकांच्या उपयोगाच्या कामाला लावा, असं सांगितलं. निपुत्रिकाची संपत्ती सरकारात ओढण्याचा तो काळ होता.

डोंगरातल्या भिल्लांचा प्रश्न आमच्या भागाच्या जिव्हाळ्याचा. व्यापारी तांडे घाटात लुटले जात. बाईंनी आधी सक्ती केली, मग समजुतीचा मार्ग धरला. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घ्यायचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. तिला भिलकवडी म्हणत. पडीक जमिनीही दिल्या. बदल्यात वाट राखायची आणि हद्दीत चोरी झाली तर भरून द्यायची, अशी जबाबदारी घातली. बंदूक तर बाईंकडेही होती. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी बंड केलं तेव्हा ते मोडताना बाईंनी कसूर केली नाही. तरी भिल्लांना हक्कदार मानून वाटेचे राखणदार करणं, हे मला त्यांच्या राज्यातलं सर्वांत शहाणं काम वाटतं.

एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला लावला.

सहानंतर दोन-तीन तास पूजापाठ आणि साधं जेवण. उपासतापास, सणवार किंवा राज्यावरचं संकट, एवढ्यानेच या क्रमात फरक पडे. १७९१ मध्ये मात्र तो पार मोडला. जावई यशवंतराव फणसे वारले आणि बाईंची लेक मुक्ताबाई सती निघाली. नातू आधीच गेला होता, मुलगा मालेराव त्याच्याही कितीतरी आधी. बाईंनी लेकीची विनवणी केली, ती ऐकेना. चितेजवळ दोघा ब्राह्मणांनी बाईंचे दंड धरून ठेवले होते. पुढचे तीन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही, कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. इतरांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या या बाईंची एक विनवणी रूढीपुढे हरली, हे वाचताना आजही संताप येतो.

रात्री नऊला पुन्हा काम सुरू होई ते अकरापर्यंत. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ, कलकत्ता इथे त्यांचे वकील होते. फौज घेऊन तुकोजीराव होळकर बहुधा दूर मुलखात असत, त्यामुळे मोहिमेच्या खर्चाची तजवीज महेश्वरहूनच व्हायची. दुपारचे चार तास आणि रात्रीचे दोन, असे सहा तास राज्याला. सत्तराव्या वर्षी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या वारल्या.