विश्लेषण : पॅक शिल्लक असूनही प्रवासात इंटरनेट का जाते? कॅम्परव्हॅनने निघण्यापूर्वी काय तपासावे?

समजा, औरंगपुऱ्यातील एक कुटुंब भाड्याच्या कॅम्परव्हॅनने तीन दिवसांसाठी निघाले आहे. वेरूळ, कन्नड, पुढे औट्रम घाट उतरून चाळीसगावजवळ पाटणादेवी, असा बेत आहे. घरातील मुलगी आयटी कंपनीत नोकरीला आहे. तिने रजा घेतलेली नाही. ‘गाडीतूनच काम करीन’ असे तिने कार्यालयाला कळवले आहे. सकाळी अकरा वाजता ग्राहकासोबत व्हिडिओ बैठक आहे. घरून निघताना फोनवर ‘फाइव्ह-जी’ दिसत होते, रोजचा दोन जीबीचा पॅकही आहे. घाट लागला आणि बैठक मध्येच तुटली. पॅक तर तसाच शिल्लक आहे. मग चुकले काय?

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेल्या गाड्या आणि त्या उभ्या करण्यासाठी पाणी-वीज असलेली कॅराव्हॅन पार्क, अशी ही कल्पना आहे. मात्र चालत्या गाडीतील इंटरनेटची सोय प्रवाशालाच करावी लागते. गाडीतून नोकरी करायची असेल, तर ही सोय चैनीची नव्हे, पगाराची बाब ठरते.

डेटा शिल्लक असूनही नेट का जाते?

डेटा आणि नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅक म्हणजे किती माहिती वापरता येईल, याची मर्यादा. ती फोनपर्यंत पोहोचेल की नाही, हे टॉवर किती दूर आहे, मध्ये डोंगर आहे का आणि त्या टॉवरवर किती फोन जोडलेले आहेत, यावर ठरते.

दिवाळीच्या खरेदीत औरंगपुरा-गुलमंडी भागात फोनवर सिग्नलच्या सर्व काड्या दिसत असतात, तरीही व्हिडिओ अडकू शकतो. तेथे टॉवर जवळच असतो, पण त्यावर एकाच वेळी हजारो फोनचा भार येतो. ही क्षमतेची अडचण. घाटात उलटे असते. तेथे गर्दी नसते, पण टॉवर आणि फोन यांच्यामध्ये डोंगर उभा असतो. ही पोहोचीची अडचण. पहिल्या ठिकाणी थोडे पुढे सरकले किंवा गर्दीची वेळ टाळली, की काम भागते. दुसऱ्या ठिकाणी मोठ्या पॅकचाही उपयोग नाही.

‘फाइव्ह-जी’चे चिन्हही फसवू शकते. देशात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेग भरपूर मिळतो, पण या लहरी दूरवर पोहोचत नाहीत. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारितेच्या लहरी अधिक लांब जातात. त्यामुळे शहराबाहेर फोन सतत फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन तो फोर-जीवर ठेवल्यास जोडणी अधिक स्थिर राहू शकते.

वेगाचाही परिणाम होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी मिनिटाला दीड किलोमीटरहून अधिक अंतर कापते. फोनला वारंवार एक टॉवर सोडून दुसरा पकडावा लागतो. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. त्या वेगाने तो पार करायला जवळपास पाच मिनिटे लागतात. बोगद्याच्या आत स्वतंत्र यंत्रणा नसेल, तर कोणत्याही बोगद्यात बाहेरचा सिग्नल फार आत येत नाही.

गाडीच्या आत रेंज आणखी कमी का होते?

कॅम्परव्हॅन म्हणजे बहुतेक वेळा चारही बाजूंनी पत्रा असलेली पेटी. धातूचा पत्रा रेडिओ लहरी अडवतो. त्या आत येतात त्या मुख्यतः काचांमधून. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म लावली असेल, तर तेथेही अडथळा येतो.

काड्यांऐवजी आकडा पाहिलेला बरा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगच्या ‘अबाउट फोन’ विभागात सिम स्टेटसखाली सिग्नलची ताकद ‘डीबीएम’मध्ये दिसते. हा आकडा उणे असतो. फोर-जीसाठी ढोबळमानाने उणे ८५ चांगला, उणे १०० कामचलाऊ आणि उणे ११५ म्हणजे कधीही तुटेल असा. दहाचा फरक म्हणजे सिग्नल दहापट कमी किंवा जास्त. गाडीच्या आत उणे ११० आणि दाराबाहेर उणे ९५ असेल, तर दोष कंपनीचा नव्हे, पत्र्याचा. अशा वेळी फोन किंवा राउटर खिडकीपाशी ठेवून पाहावा.

दोन सिम घेतली की झाले का?

दोन्ही एकाच कंपनीची असतील, तर नाही. जेथे एकाची रेंज जाते, तेथे दुसऱ्याचीही जाते. सिम दोन वेगवेगळ्या कंपन्यांची हवीत. घरात चार फोन असतील, तर आधी कोणाकडे कोणते नेटवर्क आहे ते पाहावे. अनेकदा नवे काही घ्यावेच लागत नाही. फोनमध्ये ई-सिमची सोय असेल, तर दुसरी जोडणी त्याच फोनवर घेता येते.

येथेही एक मेख आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रणा अनेक ठिकाणी एकाच टॉवरवर बसवलेली असते. तेथील वीज गेली आणि बॅटरीही संपली, तर दोन्ही नेटवर्क एकदमच जाऊ शकतात.

सरकारच्या ‘डिजिटल भारत निधी’तून उभारलेल्या टॉवरवर जानेवारी २०२५ पासून आंतर-कंपनी रोमिंगची सोय सुरू झाली. म्हणजे अशा टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल यांच्या ग्राहकांना एकमेकांचे नेटवर्क वापरता येते. ही सोय दुर्गम भागातील त्या ठरावीक टॉवरपुरतीच आहे, सर्वत्र नाही.

उत्तरेकडे लांबच्या सफरीवर जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. लेहला निघताना घरातील किमान एक सिम पोस्टपेड हवे.

छतावरचा अँटेना आणि ‘बूस्टर’ यात फरक काय?

फरक कायद्याचा आहे. सिम टाकता येणाऱ्या काही राउटरना बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय असते. तो छतावर बसवला, की पत्र्याचा अडथळा टळतो. फोर-जी राउटरना सहसा दोन अँटेना लागतात. केबल जितकी लांब, तितका सिग्नल वाटेत जिरतो, म्हणून ती आखूड ठेवावी. दोन सिमचा राउटर घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. बहुतेक राउटर एका वेळी एकच सिम वापरतात आणि पहिले बंद पडले की दुसऱ्यावर जातात. या बदलात काही सेकंद जातात आणि चालू बैठक तुटू शकते.

बूस्टर किंवा रिपीटर मात्र सिग्नल स्वतः वाढवून पुन्हा प्रक्षेपित करतो. परवानगीशिवाय तो बसवणे बेकायदा आहे. त्याने आजूबाजूच्या ग्राहकांच्या कॉलमध्येही व्यत्यय येतो. ऑनलाइन सहज मिळतो म्हणून तो वैध ठरत नाही.

उपग्रहाचे इंटरनेट हा पर्याय आहे का?

परदेशात कॅराव्हॅनच्या छतावर उपग्रह इंटरनेटची डिश दिसते. भारतात स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना आणि जुलैमध्ये ‘इन-स्पेस’ची मंजुरी मिळाली. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने कंपनीसोबत इरादापत्रावर स्वाक्षरी केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांचा उल्लेख आहे. परवाना मिळणे आणि गाडीच्या छतावर डिश लावण्याची मुभा मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. घरासाठीची जोडणी आणि फिरत्या वाहनासाठीची जोडणी यांचे नियमही वेगळे असतात. परदेशातून कोणी आणून दिलेली डिश किंवा सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय वापरणे गुन्हा ठरू शकतो.

डेटा आणि वीज किती लागते?

व्हिडिओ बैठकीला तासाला साधारण एक जीबी आणि चित्र अधिक स्पष्ट ठेवल्यास त्याहून जास्त डेटा लागतो. कॅमेरा बंद करून फक्त आवाज ठेवला, तर तेच काम सहसा १०० एमबीच्या आत होते. रेंज कमजोर असेल तेव्हा सर्वात आधी कॅमेरा बंद करावा.

‘अमर्याद फाइव्ह-जी’च्या पॅकमध्ये गाडी फोर-जीच्या भागात शिरली, की रोजच्या मर्यादेतून डेटा कापला जातो. मर्यादा संपल्यावर वेग बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर मजकुराचा निरोप कसाबसा जातो, बैठक होत नाही. मागच्या सीटवर मुले व्हिडिओ पाहत असतील, तर ते घरूनच डाउनलोड करून घ्यावेत.

लहान राउटर साधारण दहा वॉट वीज घेतो. दिवसभर चालला तरी २४० वॉट-तास. गाडीतील १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा सुमारे पाचवा हिस्सा होतो. फोनचे हॉटस्पॉट सोपे, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. त्याला सावलीची जागा हवी.

रेंज नसताना काय चालते?

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागते. गुगल मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवला, तर घाटातही रस्ता दिसतो. टोलनाक्यावर फास्टॅगसाठी प्रवाशाच्या फोनला रेंज लागत नाही, पण शिल्लक संपली असेल तर रिचार्जला लागते. ते निघण्यापूर्वीच करावे. यूपीआयच्या भरवशावर जंगलालगत मुक्कामाला जाऊ नये, थोडी रोकड जवळ हवीच. गाडीची कागदपत्रे केवळ ॲपमध्ये न ठेवता सोबतही घ्यावीत.

संकटात ११२ लावल्यास फोन जे नेटवर्क मिळेल त्यावरून कॉल जोडण्याचा प्रयत्न करतो, मग ते स्वतःच्या कंपनीचे नसले तरी. मात्र एकाही कंपनीची रेंज नसेल, तर तोही लागत नाही. म्हणून मुक्कामाची जागा आणि परतण्याची वेळ घरी कोणाला तरी सांगून जावे.

मग अकरा वाजताची बैठक कशी व्हावी?

‘ट्राय’च्या निर्देशांनंतर दूरसंचार कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर नेटवर्कचे नकाशे दिले आहेत. आपल्याकडील दोन्ही कंपन्यांचे नकाशे उघडून मार्गावरचे घाट, दऱ्या आणि मुक्कामाची जागा तपासावी. नकाशा अंदाज देतो, दरीच्या तळाची हमी देत नाही.

औरंगपुऱ्यातील त्या कुटुंबासाठी हिशेब सोपा आहे. कन्नड साधारण ६० किलोमीटरवर आहे आणि घाट त्यानंतर लागतो. वेरूळ परतीच्या वाटेवर ठेवून सकाळी आठला निघाले, तर दहापर्यंत कन्नड गाठता येते. गावात सावलीत गाडी उभी करायची, दोन्ही सिमवर सिग्नलचा आकडा पाहायचा, दहा मिनिटे चाचणी कॉल करायचा आणि जे नेटवर्क चांगले त्यावर बैठक घ्यायची. दुसरा फोन हॉटस्पॉटसाठी तयार ठेवायचा. पाटणादेवी परिसरात रेंज मिळेलच असे नाही. तेव्हा संध्याकाळी संपर्क होणार नाही, हे कार्यालयाला आधीच कळवायचे. बैठक आटोपली, की चहा घ्यायचा आणि मग घाट उतरायचा.