परक्या विमानतळाचे चार चौक

आजकाल आपल्या सुशिक्षित कुटुंबांत असें घर विरळाच, कीं ज्यांतील एखादा मुलगा, सून, कन्या किंवा जांवई परदेशीं नाहीं. ज्या वयांत पूर्वीं काशीयात्रेचे बेत होत, त्या वयांत आतां लंडन-शिकागोचे बेत होतात. तिकीट मुलगा काढतो, व्हिसाचे अर्ज सून भरते, लाडू-चिवड्याचे डबे घरांतील साऱ्या स्त्रिया मिळून बांधतात, आणि मुंबईच्या विमानतळापर्यंत पोहोंचवावयास दोन मोटारी भरून मंडळी जातात. परंतु या साऱ्या धांदलींत ज्या वडील माणसास जावयाचें असतें, त्यास एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाहीं. ती म्हणजे, विमानांतून उतरल्यावर पुढें काय?

आमच्या थोरल्या काकूंचेंच उदाहरण घ्या. वय अडुसष्ट, प्रकृति ठणठणीत. ऐन उमेदींत वीस माणसांचें घर त्यांनीं सांभाळलें. मुंजी-लग्नांतील शंभर-शंभर पानांच्या पंक्ति कोणाच्या तोंडाकडे न पाहतां उठविल्या. त्या प्रथम लंडनला मुलाकडे गेल्या, तेव्हां मुलानें त्यांच्यासाठीं विमानतळावर चाकांची खुर्ची सांगून ठेविली. कारण विचारतां म्हणाला, "आई वाट चुकेल." परत आल्यावर आम्हीं मोठ्या कुतूहलानें विचारलें, "काकू, लंडनचा विमानतळ आहे तरी कसा?" त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मला पार्सलासारखें एकानें दुसऱ्याच्या हवालीं केलें. पार्सलाला कधीं पोस्ट दिसतें का रे?" घरांत हंशा पिकला, पण तो ओसरल्यावर आम्हां सर्वांसच मनांतून ओशाळल्यासारखें झालें.

दुसऱ्या खेपेस काकूंनीं निक्षून सांगितलें कीं, आपण पायीं जाणार. तेव्हां एका रविवारीं दुपारीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून त्यांस ती वाट समजावून दिली. तीच आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेस सुमारें २३ किलोमीटरांवर आहे. १९४६ सालीं तो नागरी वाहतुकीस खुला झाला, तेव्हां उतारूंसाठीं पक्की इमारतसुद्धां नव्हती. तंबू ठोकून त्यांतच सारें कामकाज चाले. आज तेथें २, ३, ४ व ५ अशा क्रमांकांच्या चार प्रचंड इमारती असून त्यांस टर्मिनल म्हणतात. १ क्रमांकाचें टर्मिनल २०१५ सालीं बंद झालें. तेव्हां तो आंकडा कोठें दिसला नाहीं, तर आपलेंच कांहीं चुकलें असें समजूं नये. २०२४ सालीं या विमानतळावरून सुमारें ८ कोटी ३९ लक्ष उतारूंनीं ये-जा केली. म्हणजे सरासरीनें रोज सव्वादोन लक्षांहून अधिक माणसें. जणूं रोजचीच आषाढी! एवढ्या गर्दींत नवखें माणूस गोंधळून जाईल, ही मुलांची भीति अगदींच निराधार नाहीं.

तथापि एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे निम्मी भीति जाते. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांत माणूस दहा दिशांनीं जाऊं शकतो, म्हणून तो चुकतो. विमानतळावर उतरणाऱ्या उतारूची वाट मात्र आपल्या जुन्या चौसोपी वाड्यासारखी असते. एका चौकांतून दुसऱ्या चौकांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, आणि शेवटीं दिंडीदरवाजानें बाहेर. मधला चौक गाळतां येत नाहीं, आणि एकदां ओलांडलेल्या चौकांत मागें फिरतां येत नाहीं. म्हणूनच कोठलाही चौक सोडण्यापूर्वीं पासपोर्ट, चष्मा, हातांतली पिशवी या तीन वस्तु चाचपून पाहाव्या.

ही वाट भिंतींवर व छतांवर अक्षरशः लिहिलेली असते. अशा पाट्यांचें एक स्वतंत्र शास्त्रच बनलें आहे. हॉलंडमधील स्किपोल विमानतळासाठीं बेनो व्हिसिंग या कलावंतानें १९६७ सालीं पिवळ्या पाट्यांची पद्धत बसविली, आणि पुढें पिवळा रंग जगांतील अनेक विमानतळांनीं उचलला. पॅरिसजवळ १९७४ सालीं उघडलेल्या विमानतळाकरितां एड्रियन फ्रुटिगर यानें अक्षरांचें असें वळण तयार केलें, कीं चालतां चालतां, दुरून वा बाजूनें पाहिलें तरी तें वाचतां यावें. सारांश, त्या पाट्या थकलेल्या, परक्या माणसासाठींच मुद्दाम घडविलेल्या आहेत. त्या न वाचतां गर्दीच्या मागें धांवणें म्हणजे पंचांग हाताशीं असून मुहूर्त शेजाऱ्यास विचारण्यासारखें आहे.

आतां पहिला चौक, हा चालण्याचा. विमानाचें दार उघडतांच माणसें शर्यत लागल्यासारखीं धांवतात. आपण मागें राहिलें तरी बिघडत नाहीं, कारण वाट तीच राहते. टर्मिनल २ मध्यें ए व बी असे दोन भाग आहेत. विमान बी भागाला लागलें, तर मुख्य इमारतींत येण्यासाठीं जमिनीखालून लांबलचक भुयारी मार्ग आहे. त्यांत जागोजाग सरकते पट्टे बसविलेले असून त्यांवर उभें राहिलें कीं आपोआप पुढें जातां येतें. मात्र चढतांना व उतरतांना कठडा धरावा आणि लुगड्याचा घोळ संभाळावा. धिम्या पावलांनीं पंधरा-वीस मिनिटें चालण्याची तयारी ठेवावी. वाटेंत स्वच्छतागृह लागतें तेथेंच जाऊन यावें, कारण पुढें रांगेंत तासभरही लागूं शकतो.

या चौकांत एकच धोका आहे, तो रंगांचा. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘अरायव्हल्स’ लिहिलेलें असतें. ती लंडनला उतरणारांची वाट. जांभळ्या पाटीवर ‘फ्लाइट कनेक्शन्स’ असतें. ती दुसरें विमान पकडून पुढें जाणारांची. मुंबईहून आलेल्या विमानांतील पुष्कळ मंडळी कॅनडा-अमेरिकेस जाणारीं असतात, म्हणून त्यांच्या मागें जाऊं नये.

दुसरा चौक पासपोर्टाचा. येथें ‘यूके बॉर्डर’ अशी मोठी पाटी दिसते. ब्रिटन, युरोप व इतर थोड्या देशांच्या नागरिकांस यांत्रिक दरवाजांतून जातां येतें. हिंदी पासपोर्ट असणारानें ‘ऑल अदर पासपोर्ट्स’ या रांगेंत उभें राहावयाचें. विमानांत भरून द्यावयाचें जुनें कार्ड २०१९ सालापासून बंद झालें आहे, तेव्हां तें मिळालें नाहीं म्हणून घाबरूं नये. अधिकारी तीन-चार साधे प्रश्न विचारतो. कोणाकडे आलां? किती दिवस राहणार? परत केव्हां? खर्च कोणाचा? जें खरें असेल तें थोडक्यांत सांगावें. न विचारलेली हकीगत सांगूं नये, व विचारलेली लपवूं नये. मुलाचें नांव, पत्ता व दूरध्वनि, परतीचें तिकीट आणि निमंत्रणाचें पत्र हे कागद एका पाकिटांत घालून हातांतल्या पिशवींत ठेवावे. इंग्रजी अडलें तर तें पाकीटच पुढें करावें. तो अधिकारी रोज शेंकडों परकीय माणसें पाहतो; आपल्या उच्चारांचें त्यास कांहीं नवल नसतें.

तिसरा चौक सामानाचा. मोठ्या दिवाणखान्यांत अनेक फिरते पट्टे असतात. वर लटकणाऱ्या पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा. त्यापुढें पट्ट्याचा क्रमांक असतो. म्हणून विमानाचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला हवा. सामानाची ढकलगाडी हीथ्रोवर फुकट मिळते. सगळ्यांच्या पेट्या काळ्या किंवा निळ्या. यास्तव आपल्या पेटीच्या मुठीस लाल नाडा किंवा जुन्या खणाची चिंधी बांधावी. पेटी जड असल्यास शेजारच्या तरुणास नुसतें ‘प्लीज’ म्हटलें तरी तो उचलून देतो.

पेटी आलीच नाहीं तर? असें घडूं शकतें. २७ मार्च २००८ रोजीं याच विमानतळाचें टर्मिनल ५ उघडलें, त्याच दिवशीं तेथील सामानाची यंत्रणा कोलमडून हजारों पेट्या मालकांवांचून पडून राहिल्या होत्या. अशा वेळीं रडत बाहेर पडूं नये. त्याच दिवाणखान्यांत विमान-कंपनीची खिडकी असते; तेथें पेटीची पावती दाखवून लेखी तक्रार करावी व तिची प्रत घ्यावी. १९९९ सालच्या मॉन्ट्रियल करारान्वयें पेटी मोडकी मिळाल्यास ती मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा मिळाल्यास मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. रोजचीं औषधें व एक लुगडें हातांतल्या पिशवींत असलें म्हणजे दोन दिवस सहज निभतात.

चौथा चौक जकातीचा. येथें दोन वाटा फुटतात. सांगण्याजोगें कांहीं नसेल तर हिरवी, असेल तर लाल. आपल्या मंडळींची खरी गोची येथेंच होते, कारण नातवंडांच्या ओढीनें आजीनें पेटींत काय काय भरलेलें असतें! हिंदुस्थानांतून जाणाऱ्या उतारूनें दूध व मांस, आणि त्यांपासून केलेले पदार्थ ब्रिटनमध्यें नेऊं नयेत, असा नियम आहे. स्वतःच्या खाण्यापुरतेसुद्धां नाहींत. म्हणजे पेढे, खवा, पनीर आणि साजूक तूपही घरींच ठेवावयाचें. हा निव्वळ अधिकाऱ्यांचा लहरीपणा नव्हे. २००१ सालीं त्या देशांत गुरांमेंढरांना लाळ्या-खुरकुताची सांथ आली, आणि ती आटोक्यांत आणण्यासाठीं साठ लक्षांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. एवढा घाव सोसलेला देश जनावरांच्या पदार्थांविषयीं दक्ष असणारच. चिवडा, चकली, मसाले यांस ही अडचण नाहीं. तुपांतल्या लाडवांसारखी शंका असेल तेथें लाल वाटेनें जाऊन सरळ विचारावें. फार तर लाडू जातील, अब्रू जाणार नाहीं.

यापुढें दिंडीदरवाजा. काचेचें दार आपोआप उघडतें आणि कठड्यापलीकडे ताटकळलेलीं माणसें दिसतात. भेटीची जागा आधींच ठरवावी आणि मुलगा दिसला नाहीं तर ती जागा मुळींच सोडूं नये. घ्यावयास येणाऱ्यास मोटार दाराशीं उभी करतां येत नाहीं. ती वाहनतळांत लावून त्यास चालत यावें लागतें, म्हणून थोडा उशीर होतो. विमानतळावर वाय-फाय विनामूल्य आहे, तेव्हां मोबाईलवर निरोप धाडतां येतो. घड्याळही येथेंच बदलावें. लंडनची वेळ आपल्याहून उन्हाळ्यांत साडेचार, व हिवाळ्यांत साडेपांच तास मागें असते.

ही झाली लंडनची कथा. इतर देशांतही चौक बहुधा हेच असतात, थोडा क्रम वा नियम बदलतो. उदाहरणार्थ, अमेरिकेंत पहिल्या शहरीं उतरून दुसऱ्या विमानानें पुढें जावयाचें असलें, तरी सामान्यतः पहिल्याच ठिकाणीं पेट्या ताब्यांत घेऊन, जकात ओलांडून, पुन्हां विमान-कंपनीच्या हवालीं कराव्या लागतात. ही एक गोष्ट न सांगितल्यामुळें कित्येकांची तारांबळ उडते.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांस दम लागतो किंवा कमी दिसतें, त्यांनीं चाकांची खुर्ची निःसंकोच मागावी. ब्रिटनमध्यें ही मदत कायद्यानेंच विनामूल्य आहे. निघण्यापूर्वीं निदान ४८ तास विमान-कंपनीस कळवावें, म्हणजे झालें. परंतु पाय धड असतां केवळ वाट ठाऊक नाहीं म्हणून माणसास खुर्चींत बसविणें हें निराळें. त्यायोगें खरोखरीचा अधू माणूस खुर्चीवांचून ताटकळतो. आणि ज्या बाईनें जन्मभर घर चालविलें, तिला आपण नकळत सांगतों कीं, आतां तुला कांहीं समजावयाचें नाहीं. मुलांचें प्रेम खरें असतें, पण त्यांना धीर नसतो. एका दुपारच्या शिकवणीऐवजीं ते एक खुर्ची सांगून मोकळे होतात.

काकू दुसऱ्या वेळीं गेल्या, तेव्हां त्यांच्या कमरेच्या पिशवींत एक घडी घातलेला कागद होता. त्यावर पांचच ओळी होत्या: पिवळी पाटी, इतर पासपोर्टांची रांग, विमानाचा क्रमांक, शंका असेल तर लाल, भेटीची जागा सोडूं नये. विमानांत शेजारीं एक नाशिककर बाई होत्या. नऊ-दहा तासांत दोघींचें मेतकूट जमलें. त्या टोरांटोला निघाल्या होत्या. बोलत बोलत दोघी निघाल्या, आणि पाहतात तों डोक्यावर जांभळी पाटी! काकू थांबल्या. कागद काढून पाहिला. त्या बाईंचा निरोप घेतला, आणि आल्या वाटेनें थोडें मागें जाऊन पिवळ्या पाटीखालीं उभ्या राहिल्या. एकटीनें घेतलेलीं तीं पन्नास पावलें अवघड होतीं, असें त्या स्वतःच सांगतात. "पण पन्नासच," असेंही पुढें म्हणतात.

दिंडीदरवाजाशीं मुलगा उभा होता. आईच्या मागें खुर्ची नाहीं, पुढें ढकलगाडी आहे, आणि ती स्वतःच ढकलीत येत आहे, हें पाहून त्याच्यानें क्षणभर बोलवेना. घरीं जातांना टर्मिनलाबाहेरच्या आच्छादित चौकांतील ‘स्लिपस्ट्रीम’ हें रिचर्ड विल्सन यांचें सत्तर मीटरांहून अधिक लांबीचें ॲल्युमिनियमचें शिल्प त्यांनीं उभें राहून पाहिलें. पहिल्या खेपेस त्या त्याच्याजवळूनच गेल्या होत्या; पण तेव्हां त्यांना थांबवावयाचें कोणाच्या मनांत आलें नव्हतें.

वाचकहो, आपल्या घरांतूनही या वर्षीं कोणी वडील माणूस परदेशीं जाणार असेल, तर पेट्या बांधण्यापूर्वीं एक दुपार त्यांच्यासाठीं राखून ठेवा. चार चौक समजावून सांगा. कागदावर पांच ओळी लिहून द्या. तो कागद कोणत्याही डब्याहून हलका आहे, आणि त्यावर जकातही नाहीं.