दोनशेवीस माणसांमागे एक

१९४३ नंतरची काही वर्षं कोल्हापूर संस्थानात दर दोनशेवीस माणसांमागे एक पोलिश निर्वासित राहत होता. संस्थानाची लोकसंख्या तेव्हा अकरा लाखांच्या आसपास होती आणि वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेली ही कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली होती. या पाच हजारांसाठी छावणीत शाळा, दवाखाना आणि चर्च उभं राहिलं. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. पुढे फाळणीत घरदार सुटलेले सिंधी तिथेच आले आणि गांधीनगर वसलं.

हे पाहुणे बहुतेक कॅथलिक होते. त्यांचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं, परवानगी इंग्रजांची होती आणि मुक्काम तात्पुरता होता. तेव्हा याला कोल्हापूरच्या दानतीचा पुरावा म्हणता येणार नाही. मात्र एखादा मुलूख किती माणसं सामावून घेऊ शकतो, याचं माप म्हणून हा आकडा फार उपयोगी आहे. ते माप घेऊन पाच वर्षं मागे जाऊ.

जुलै १९३८. फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे ३२ देशांचे प्रतिनिधी दहा दिवस बसले होते. जर्मनी आणि नुकत्याच गिळलेल्या ऑस्ट्रियात मिळून तेव्हा साडेपाच लाखांच्या आसपास ज्यू उरले होते. त्यांना कोण घेणार, हा प्रश्न होता. सहानुभूतीची भाषणं भरपूर झाली, पण भरघोस आकडा सांगितला तो एकट्या डोमिनिकन रिपब्लिकने : एक लाखापर्यंत. प्रत्यक्षात तिथे हजारही पोहोचले नाहीत. ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी टी. डब्ल्यू. व्हाइट यांनी सांगितलं, की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आमची इच्छाही नाही. महाराष्ट्रासारखी पंचवीस राज्यं मावतील एवढ्या त्या देशात तेव्हा सत्तर लाखांच्या आत माणसं राहत होती.

अमेरिकेचा हिशेब पाहा. लोकसंख्या १३ कोटी २२ लाख. जर्मनी आणि ऑस्ट्रियासाठी वर्षाचा कोटा २७,३७०, म्हणजे ४,८०० माणसांमागे एक. आणि तोही १९३० च्या दशकातल्या बहुतेक वर्षांत पूर्ण भरला नाही. कोल्हापूरचं दोनशेवीसला एक हे प्रमाण अमेरिकेला लावलं तर उत्तर येतं सहा लाख. एव्हियाँमध्ये ज्यांच्यावर खल चालला होता ते सगळे एका देशात मावले असते आणि तरी जागा उरली असती.

१९३८ च्याच नोव्हेंबरात जर्मनीभर सिनेगॉग जळाले आणि तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं गेलं. १९३९ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे एक विधेयक आलं : कोट्याबाहेर २०,००० मुलांना दोन वर्षांत येऊ द्यावं. दर ६,६०० माणसांमागे एक मूल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याची २०११ ची लोकसंख्या इचलकरंजी धरून आठ लाखांच्या घरात मानली, तर या तालुक्याच्या वाट्याला १२१ मुलं आली असती. एखाद्या शाळेचे दोन-तीन वर्ग. विधेयक मतदानापर्यंत पोहोचलंच नाही. त्याच वर्षी ‘सेंट लुईस’ जहाजावरच्या ९३७ प्रवाशांपैकी जेमतेम २८ जणांना हवानात उतरता आलं. अमेरिकेनेही दार उघडलं नाही, तेव्हा जहाज युरोपकडे परतलं. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढच्या संहारात मेले.

आपल्याकडेही वाद झाला, आणि तो महाराष्ट्राच्या मातीतच झाला. वर्ध्याजवळच्या शेगावहून गांधीजींनी लिहिलेला ज्यूंवरचा लेख २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये आला. त्यांनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाची वाट सुचवली. तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबर यांनी पुढे त्यांना जाहीर पत्र लिहून कळवलं, की या राजवटीपुढे ती वाट चालणार नाही. गांधीजींच्या लेखानंतर महिनाभरात काँग्रेस कार्यकारिणीपुढे नेहरूंची सूचना आली : तज्ज्ञ ज्यू निर्वासितांना इथे काम द्यायला हरकत नसावी. अध्यक्ष सुभाषबाबूंचा विरोध होता. ती संमत झाली नाही. अर्थात प्रवेशपत्रं इंग्रजांच्याच हातात होती. युद्धाआधी इथे आलेल्यांची संख्या हजारेक धरली, तर ३९ कोटींच्या देशात चार लाखांमागे एक. या हिशेबाने हातकणंगले तालुक्यात फक्त दोघे. आणि आलेल्यांतल्या जर्मन ज्यूंपैकी काहींना युद्ध सुरू झाल्यावर ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ म्हणून पुरंदरावर ठेवलं गेलं.

युरोपातल्या ज्यूंचं नंतर जे झालं ते ६० लाख या आकड्यात सांगितलं जातं. २०११ ची जनगणना घ्या : अख्खा कोल्हापूर जिल्हा ३८ लाख ७६ हजार. तो संपवून सांगली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांश भाग संपवला, की ६० लाख होतात. त्यात मुलं होती पंधरा लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन हातकणंगले तालुके. कीव्हजवळच्या बाबी यार दरीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. त्या वेगाने २,८७,३५३ वस्तीचं इचलकरंजी सतरा दिवसांत ओस पडलं असतं.

आज ज्यूंबद्दलचा वाद पुन्हा पेटला आहे, पण त्याचं रूप बदललं आहे. आता प्रश्न आश्रयाचा नाही, घरातल्या नागरिकाच्या सुरक्षिततेचा आहे. पुन्हा ऑस्ट्रेलियाच घेऊ. तिथल्या ज्यू संघटनेने ऑक्टोबर २०२३ पासूनच्या वर्षात ज्यूद्वेषाच्या २,०६२ घटना नोंदवल्या. आदल्या वर्षी त्या ४९५ होत्या. २,०६२ ला देशाच्या लोकसंख्येने मोजलं तर जवळपास १३ हजार माणसांमागे एक घटना. सरकारी टेबलावर ही फाइल सहज बाजूला सरकवता येते. पण तिथे ज्यू आहेत लाख-सव्वा लाख. त्या मापाने दर पन्नास-साठ ज्यूंमागे एक घटना. हेच प्रमाण हातकणंगले तालुक्याला लावलं तर वर्षाला चौदा हजारांवर घटना, रोज चाळीस. अशा ठिकाणी कुणालाच सरकार सुस्त वाटल्यावाचून राहणार नाही.

छेद लोकसंख्येचा झाला; अंशाचा, म्हणजे घटनांच्या आकड्याचा, वाद मात्र खरोखर अवघड आहे. घटना म्हणजे काय धरायचं? अनेक सरकारांनी ज्यूद्वेषाची २०१६ ची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या स्वीकारली. तिच्या मूळ मसुद्याचे एक प्रमुख लेखक केनेथ स्टर्न स्वतःच सांगतात, की विद्यापीठांत बोलणाऱ्यांची तोंडं बंद करायला ती वापरू नका. गाझातल्या युद्धाविरुद्धची घोषणा आणि सिनेगॉगवर फेकलेला पेटता बोळा एकाच रकान्यात घातला, तर रकान्यावरचाच विश्वास उडतो. पण रकाना नीट होईपर्यंत थांबू म्हणणाऱ्याला डिसेंबर २०२५ आठवावा लागतो. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुक्काच्या मेळाव्यात १५ माणसं मारली गेली. त्याआधी दीड वर्ष सरकारने खास दूत नेमला होता, आराखडा आला होता आणि त्यातल्या विद्यापीठांचा निधी रोखण्याच्या शिफारशीवर वाद रंगला होता.

महाराष्ट्रात ज्यू किती? २०११ च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास. ४५ हजार माणसांमागे एक, हातकणंगले तालुक्याच्या मापाने सतरा-अठरा. शतकानुशतकं कोकणात तेलघाणे चालवत मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायलींना शेजाऱ्यांनी कधी हात लावला नाही. २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी दांपत्यासह सहा जणांना मारणारे बाहेरून आले होते. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. मतांच्या छेदावर अडीच हजार म्हणजे शून्यच, तरी निर्णय झाला. ज्यांच्या मतांनी एखादी ग्रामपंचायतही हलत नाही, त्यांच्यासाठी राज्य काय करतं यावरूनच राज्याची नियत कळते.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही देशाचा मंत्री ‘इतक्या लोकांचं ओझं झेपणार नाही’ किंवा ‘घटना तशा मोजक्याच आहेत’ असं म्हणाला, की त्याला छेद विचारावा. एव्हियाँमध्ये अडलं होतं ते माणसांच्या संख्येमुळे नाही. तिथे बत्तीस देशांनी तिला आपापल्या लोकसंख्येने भागूनच पाहिलं नाही.